केअरगिव्हर म्हणून परदेशी जाताय? आधी पगाराचा पैसा कुठून येतो ते बघा

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली नर्स. आधी भारतातल्या रुग्णालयांत काम केलं, आता जर्मनीतल्या एका वृद्धसेवागृहात आहे. नर्सिंग किंवा जनरल ड्यूटी असिस्टंटचा (रुग्णसेवेतल्या मदतनिसाचा) कोर्स केलेल्या मुलामुलींचे मला सतत मेसेज येतात. "ताई, कुठला देश चांगला? पगार किती? एजंट कुठला?" बहुतेक याच क्रमानं. या तिन्हींच्या आधी एक प्रश्न विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते: त्या देशात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचा खर्च कोण उचलतं? विमा, सरकार, की घरचे लोक? एवढं कळलं की तुमचा मालक कोण असेल, तुम्ही संस्थेत काम कराल की कुणाच्या घरात राहून, सुट्टी मिळेल का, नोकरी सुटली तर व्हिसाचं काय होईल, याचा बराच अंदाज येतो. एजंट हे सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही ते माहीत नसतं.

खाली लिहिलंय ते फक्त वृद्धसेवेच्या कामाबद्दल. मोठ्या रुग्णालयातल्या नर्सच्या नोकरीचे नियम काही ठिकाणी वेगळे असतात.

१. पैसा कुणाच्या हातातून येतो ते शोधा

जर्मनीत १९९५ पासून सेवा-विमा, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या सेवेच्या खर्चाचा विमा, सक्तीचा आहे. नोकरदाराच्या पगारातून त्याचा हप्ता कापला जातो आणि मालकही भर घालतो. एखाद्याला अंघोळ, कपडे, चालणं-फिरणं स्वतःचं स्वतः जमेनासं झालं की तपासणी होते आणि एक ते पाच यांपैकी एक श्रेणी मिळते. पाच श्रेण्यांची ही पद्धत २०१७ पासूनची. श्रेणी वरची असेल तर रक्कम मोठी. वृद्धसेवागृहात राहणाऱ्याची ही रक्कम संस्थेला जाते आणि संस्था तुम्हाला पगार देते. म्हणजे तुमचा मालक ही एक संस्था असते, तिला कामाच्या तासांचे कायदे पाळावे लागतात, पगाराची स्लिप द्यावी लागते. पण विमा सगळा खर्च भागवत नाही. उरलेला आजी-आजोबांच्या पेन्शनमधून आणि बचतीतून येतो, तेही पुरलं नाही तर सरकारी मदतीतून. त्यामुळे संस्था कामाला मोजकीच माणसं ठेवतात, आणि कुणी आजारी पडलं की शिफ्टवर उरलेल्यांची दमछाक होते.

जपाननं असाच विमा एप्रिल २००० मध्ये सुरू केला. तिथे वयाच्या चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो आणि सेवेच्या एकूण सात पातळ्या आहेत: दोन आधाराच्या, पाच सेवेच्या. इथेही परदेशी माणसाचा मालक म्हणजे संस्थाच.

इंग्लंडमध्ये असा विमा नाही. ज्यांच्याकडे मालमत्ता किंवा बचत आहे त्यांनी स्वतः खर्च करायचा, बाकीच्यांचा खर्च स्थानिक कौन्सिल (आपल्या नगरपालिकेसारखी) उचलते. कौन्सिलकडे पैसा कमी, म्हणून ती खासगी केअर कंपन्यांना दर कमी देते. कंपन्या तो ताण खाली ढकलतात: पगार किमान वेतनाच्या आसपास, घरोघरी जाऊन सेवा द्यायची असेल तर एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ अनेकांना बिनपगारी.

इटली आणि इस्रायलमध्ये चित्र निराळं. इटलीत सरकार गरजू वृद्धाला रोख भत्ता देतं आणि तो कसा खर्च केला याचा हिशेब मागत नाही. मग कुटुंब एखादी बाई घरात ठेवून घेतं. इस्रायलमध्ये सेवा-विम्याचा कायदा १९८८ मध्ये लागू झाला. तिथे परदेशी केअरगिव्हर ठेवण्याचा परवाना वृद्धाला मिळतो आणि ती बहुतेक वेळा त्याच्या घरीच राहते. अशा नोकरीत तुमचा मालक म्हणजे तोच रुग्ण किंवा त्याची मुलगी. राहायला जागा फुकट मिळते, हे खरं. पण रात्री दोनदा उठावं लागलं तर ते काम धरायचं की नाही, हे कोण ठरवणार?

याच मुद्द्यावर दोन देशांतल्या न्यायालयांनी अगदी वेगळे निकाल दिलेत, ते जरूर लक्षात ठेवा. घरात राहणाऱ्या केअरगिव्हरला ओव्हरटाइमचा कायदा लागू होत नाही, असं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ठरवलं. जर्मनीत घरी राहून सेवा करणाऱ्या एका बल्गेरियन बाईच्या दाव्यात तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं जून २०२१ मध्ये सांगितलं, की हाकेला ओ देण्यासाठी तयार बसून राहिलेला वेळही कामाचाच आणि त्यालाही किमान वेतन द्यावं लागेल. काम तेच, रात्रही तशीच. एका ठिकाणी त्या वेळेची किंमत आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

२. तुमचं शिक्षण कुठे चालतं ते ओळखा

बीएस्सी किंवा जीएनएम असाल तर जर्मनीत तुमच्या शिक्षणाला मान्यता मिळवून पूर्ण दर्जाची नर्स होता येतं. एएनएमचं (सहायक नर्स-दाईचं) शिक्षण तिथल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या बरोबरीचं सहसा धरलं जात नाही. त्यामुळे एएनएमवाल्यांना "तुम्ही तिकडे नर्स म्हणून लागाल" असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

बारावी झालीय पण नर्सिंग नाही, अशांसाठी जर्मनीतलं तीन वर्षांचं नर्सिंग प्रशिक्षण हा चांगला मार्ग आहे. २०२० पासून तिथे रुग्णालय, मुलांची सेवा आणि वृद्धसेवा यांचं शिक्षण एकत्र केलंय. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी हातात येणारं प्रमाणपत्र तिथलंच असल्यानं मान्यतेची भानगड उरत नाही. वय कमी असेल आणि भाषेची आवड असेल तर मी हाच रस्ता सुचवते, जरी पहिल्या वर्षी पैसे फारसे साठत नसले तरी.

जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा त्यासारखा छोटा कोर्स केलेल्यांना जपानचा मार्ग जास्त सोयीचा.

३. सध्या कुठलं दार उघडं आहे?

या भागात सगळ्यात जास्त फसवणूक होते. नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतात आणि जुनी जाहिरात मोबाईलवर फिरत राहते.

*ब्रिटन:* फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा खुला झाला आणि हजारो लोक गेले. मार्च २०२४ पासून नव्यानं जाणाऱ्या केअर वर्करना नवरा-बायको-मुलं सोबत नेणं बंद झालं. २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच थांबलं. तेव्हा आज कुणी तुम्हाला भारतातून थेट यूकेचा केअर वर्कर व्हिसा विकत असेल तर तिथून उठा. मधल्या काळात शेकडो केअर कंपन्यांचे स्पॉन्सर परवाने (परदेशी कामगार ठेवण्याचे परवाने) रद्द झाले. कंपनीचा परवाना गेला की कामगाराच्या हातात नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस उरतात. कर्ज काढून गेलेल्या माणसासाठी हे ६० दिवस कसे जात असतील, याची कल्पना करा.

*जपान:* एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' नावाचा व्हिसा आहे, त्यात वृद्धसेवा येते. भारत आणि जपान यांच्यात याबद्दल जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. तीन गोष्टी पास कराव्या लागतात: सेवाकौशल्याची परीक्षा, सेवेच्या जपानी भाषेची परीक्षा आणि साधारण एन-४ पातळीचं (रोजचं साधं बोलणं कळेल इतकं) जपानी. हा व्हिसा सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. पण त्या काळात तिथली सेवा-कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय परीक्षा पास झालात तर 'काइगो' म्हणजे सेवा-कर्मचाऱ्याचा व्हिसा मिळतो. तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि त्यावर कुटुंबही येऊ शकतं. त्या परीक्षेला बसायला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून तयारी पहिल्या वर्षापासून करा. पाचव्या वर्षी जागे झालात तर उशीर होतो. एक सावधगिरी: 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून नेणारीही योजना आहे. त्यात मालक बदलणं जवळपास अशक्य असतं. विशिष्ट कौशल्य व्हिसावर त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. करारावर कुठलं नाव आहे ते आधी वाचा.

*जर्मनी:* नर्सेससाठी दार उघडं आहे. वय ४५ च्या वर असेल तर पगाराची किंवा पेन्शनच्या तरतुदीची जादा अट लागते, ती आधी तपासा.

*इस्रायल:* भारत सरकारबरोबर २०२३ मध्ये करार झालाय, त्यामुळे सरकारी मार्गानं जाता येतं. राहण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ६३ महिने, म्हणजे पाच वर्षं तीन महिने. कायमचं स्थायिक होण्याचं स्वप्न घेऊन तिकडे जाऊ नका. सुरक्षेची परिस्थितीही बघा आणि घरच्यांशी बोलून मगच ठरवा.

*कॅनडा:* मार्च २०२५ मध्ये घरगुती केअर वर्करसाठी थेट कायम वास्तव्य देणाऱ्या योजना सुरू झाल्या आणि जागा लगेच भरल्या. त्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका.

*आखाती देश:* दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इसीआर शिक्का असतो. अशांना १८ देशांत नोकरीला जायला सरकारची परवानगी लागते, आणि घरकामासाठी जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० असावं लागतं. टुरिस्ट व्हिसावर नेऊन "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणणाऱ्याला थारा देऊ नका. तसं गेलात तर आपल्या सरकारच्या नोंदीत तुम्ही कामगार म्हणून नसताच आणि मदत मागताना तिथूनच अडचण सुरू होते.

४. भाषा आधी, नोकरी नंतर

जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषेची बी-२ पातळी (कामात मोकळेपणानं बोलता-लिहिता येण्याइतकी) लागते. त्याखालच्या बी-१ वर नेणाऱ्या संस्था आहेत, पण मग उरलेली पातळी तिथे शिफ्ट करून, थकून आल्यावर गाठावी लागते. जमत असेल तर बी-२ इथेच करा. नोकरीला असाल तर शून्यापासून तिथपर्यंत वर्ष सहज जातं. "तीन महिन्यांत बी-२" अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचू नका. परीक्षा गोएथे किंवा टेल्कसारख्या मान्य संस्थेचीच द्या. क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट तिकडे कुणी विचारत नाही.

पुस्तकातली भाषा आणि दात काढून ठेवलेल्या आजींची भाषा यात पुष्कळ अंतर असतं. त्या स्थानिक बोलीत बोलतात, अर्धं वाक्य गिळतात. "दुखतंय" ऐवजी "ओढल्यासारखं होतंय", "टोचतंय", "जळजळतंय" असं सांगतात, आणि तुम्हाला त्यातला फरक कळून तो नोंदवावा लागतो. म्हणून व्याकरणाबरोबर रोज थोडा वेळ म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऐका. शरीराचे अवयव, दुखण्याचे प्रकार, शौचाशी संबंधित शब्द, हे सगळं न लाजता पाठ करा.

५. कागदपत्रं

ही जमवायला सुरुवात भाषेच्या पहिल्या दिवसापासून करा:

- पासपोर्ट, ज्याची मुदत पुरेशी शिल्लक आहे
- जन्मदाखला आणि लागू असल्यास विवाह प्रमाणपत्र
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- नर्सिंगचा डिप्लोमा किंवा पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी
- विषयवार तासांचा तपशील असलेलं ट्रान्सस्क्रिप्ट
- अनुभवाचे दाखले: वॉर्ड, कामाचं स्वरूप, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेले
- भाषेचं प्रमाणपत्र
- पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय दाखला, लसीकरणाची नोंद

यातल्या दोन गोष्टींवर मुद्दाम थांबते. पहिली, ट्रान्सस्क्रिप्ट. जर्मनीतलं मान्यता कार्यालय तुमच्या शिक्षणाचे तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं: थिअरी किती, प्रत्यक्ष वॉर्डमधलं काम किती, त्यात वृद्धसेवा, मानसिक आरोग्य, बालरुग्ण किती. कॉलेजनं नुसते विषय आणि गुण लिहून दिले तर ते तास धरलेच जात नाहीत आणि 'कमतरता' म्हणून तुमच्या नावावर चढतात. कॉलेजच्या क्लार्कला हे समजावून सांगावं लागतं, दोनदा फेरी मारावी लागते, पण पुढचे कित्येक महिने वाचतात. अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले" या एका ओळीचा तिकडे उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. डिप्लोमावर आईचंही नाव. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह प्रमाणपत्र, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र यांनी हा दुवा आधीच जोडून ठेवा. लग्न ठरलं असेल तर नाव बदलायचं की नाही, हा निर्णय अर्ज करण्याआधी घ्या, अर्ज मध्यावर असताना नको.

साक्षांकन आणि भाषांतर मात्र घाईनं करू नका. अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) हवं की आणखी काही, भाषांतर कुठल्या अनुवादकाचं चालेल, हे कार्यालयागणिक बदलतं. आधी ईमेलनं विचारा, उत्तर जपून ठेवा, मग पैसे खर्च करा.

६. एजंट आणि पैसे

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते कुणालाही बघता येतं. नोंदणीकृत एजंटनं उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. कुणी लाखांत मागत असेल तर तो ते पैसे 'प्रोसेसिंग', 'डॉक्युमेंटेशन', 'फाईल ओपनिंग' अशा नावांखाली मागेल आणि रोख मागेल. पावती मागितल्यावर त्याचा आवाज बदलतो का, ते बघा.

जर्मनीसाठी तर उमेदवारानं काही न देणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तिथे भरतीचा खर्च मालकानं करायचा, हे तत्त्व पाळणाऱ्या संस्थांना सरकारी 'न्याय्य भरती' शिक्का मिळतो. जर्मन सरकारच्या 'ट्रिपल विन' या नर्सभरतीच्या कार्यक्रमातही खर्च मालकाचाच. फुकट म्हटलं की आपल्या लोकांना शंका येते आणि पाच लाख मागणारा भरवशाचा वाटतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी परिस्थिती उलटी आहे. ज्या मालकानं तुमच्यावर स्वतःचा पैसा घातलाय, त्याला तुम्ही टिकावं असं वाटतं.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. बघायला द्या आणि त्याच दिवशी परत घ्या. मूळ कागद एजंटच्या कपाटात असताना "मला नाही जायचं" असं म्हणणं फार अवघड जातं.

७. करार वाचताना

करार तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा आणि सहीला घाई करणाऱ्याला थांबवा. बघायच्या गोष्टी:

पगार कापण्याआधीचा की हातात येणारा? जर्मनीत एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमे मिळून साधारण एक-तृतीयांश जातो. शिवाय मान्यता मिळेपर्यंत तुम्हाला सहायकाचा पगार मिळतो, नर्सचा नाही. दोन्ही आकडे करारात वेगवेगळे असले पाहिजेत.

घर कोण देतं, भाडं किती कापतात, नोकरी सोडली तर घर किती दिवसांत सोडायचं?

खर्च परत मागण्याचं कलम आहे का? भाषेचा वर्ग, विमान, कागदपत्रं यांवरचा खर्च "दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर परत द्या" असं लिहिलेलं असतं. रक्कम ठरलेली आहे का, आणि महिन्यागणिक ती कमी होत जाते का, ते बघा. आकडाच नसलेल्या कलमावर सही नको.

घरात राहून काम असेल तर रात्रीचं उठणं, आठवड्याची सुट्टी, स्वतःची खोली आणि तिला आतून कडी, हे सगळं लेखी हवं. आणि रुग्ण वारला तर पुढे काय, हेही. विषय अवघड वाटतो, पण वृद्धसेवेत तो येतोच, आणि घरच्या नोकरीत त्याच दिवशी तुमची नोकरी आणि छप्पर दोन्ही जातं.

८. पोहोचल्यावरचे पहिले महिने

भारतातल्या नर्सला सगळ्यात मोठा धक्का कामाच्या स्वरूपाचा बसतो. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं, कपडे बदलणं हे नातेवाईक, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. नर्स सलाईन, इंजेक्शन, फाईल बघते. जर्मनीतल्या वृद्धसेवागृहात ही सगळी कामं नर्सचीच. सकाळची शिफ्ट म्हणजे हातात खोल्यांची यादी: आजोबांना उठवायचं, धुवायचं, डायपर बदलायचा, पायाची सूज उतरावी म्हणून घट्ट मोजे चढवायचे, कवळी लावायची, इन्सुलिन, गोळ्या, नाश्ता, आणि मग केलेल्या प्रत्येक गोष्टीची संगणकावर नोंद. "मी यासाठी शिकले का?" म्हणत रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पण अंग पुसतानाच पाठीवरची लाल झालेली जागा दिसते आणि बेडसोर होण्याआधी थांबवता येतो. घास गिळताना खोकला येतोय हे भरवणाऱ्यालाच आधी कळतं. मला या कामाचा आता अभिमान वाटतो. फक्त जाण्याआधी हे माहीत असू द्या, आणि जमलं तर इथल्या एखाद्या वृद्धाश्रमात काही दिवस प्रत्यक्ष करून बघा.

मान्यतेसाठी सहसा दोन पर्याय मिळतात: काही महिन्यांचा जुळवणी-अभ्यासक्रम किंवा एक ज्ञानपरीक्षा. भाषा पक्की असेल तर परीक्षा लवकर संपते. बोलताना अडखळत असाल तर अभ्यासक्रम घ्या, त्यात वॉर्डमध्ये बोलण्याची सवयही होते.

कंबर सांभाळा. उचलायला यंत्र असतं, ते आणायला दोन मिनिटं जातात, म्हणून घाईत लोक हातानं उचलतात. तुम्ही नका उचलू.

कामाचे तास रोज एका वहीत लिहा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रात्री किती वेळा उठलात. पगाराच्या सगळ्या स्लिपा जपा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा आणि सगळ्या कागदांच्या प्रती घरच्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. भारतीय दूतावासाकडे तक्रार नोंदवायला 'मदद' पोर्टल आहे. तिथे नाव आधीच नोंदवून ठेवलं तर अडचणीच्या दिवशी पासवर्ड शोधत बसावं लागत नाही.

जपानहून कायमचे परत येत असाल तर पेन्शनसाठी कापलेल्या पैशांतला काही भाग एकरकमी परत मागता येतो. त्यासाठी देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पेन्शनच्या नोंदीचा नंबर आणि परतीच्या तारखेचा पुरावा निघण्याआधीच वेगळा काढून ठेवा.